कोणी काय केलं

सरांच्या घरी जेवायला बसलं की आमटीची स्तुती करायची सोय नव्हती. ‘आमटी छान झालीय’ म्हणायचा अवकाश, हातातला घास ताटात ठेवून सर खुलासा करायला लागत. "नारळ मी खवला. वाटण हिचं. आमसुलं पावसहून हिच्या बहिणीने पाठवलेली. मीठ कोणी घातलं?" स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज येई, "मीच घातलं. जेवा आता." तेव्हा कुठे सर पुन्हा घास उचलत. पाहुण्याला वाटे, म्हातारा गंमत करतोय. तो हसायचा. सर हसायचे नाहीत.

इतका कटकट्या माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आणि ज्याच्यासमोर उभं राहायची मला इतकी लाज वाटली, असाही दुसरा नाही. दोन्ही गोष्टी सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढे आडपडदा राहणार नाही.

रत्नागिरीतल्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. मी तिथे लागलो तेव्हा त्यांच्या निवृत्तीला सहा-सात वर्षं उरली असतील. उंच, पाठीत वाकलेले, खांद्याला शबनम, आणि पायांवर कायम वाळलेला करडा चिखल. भाट्याच्या खाडीतून ते थेट वर्गात येत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि चपला शबनममध्ये, कारण ओल्या पायांनी चपला खराब होतात असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ते अहो-जाहो करत. पोरं मागे नकला करायची, पण त्यांच्या तासाला दांडी मारायची नाहीत.

कुठलाही शोधनिबंध हातात आला की सर तो मागून वाचत. आधी आभार, मग लेखकांची नावं आणि सगळ्यात शेवटी मजकूर. "हे बघा," म्हणत, "ज्याने दोन वर्षं खाडीत पाय भिजवले तो इथे खाली आभारात. आणि ज्याने पंख्याखालची खुर्ची सोडली नाही तो वर लेखकांत." एवढं बोलून पेपर बाजूला ठेवत. त्यात काय शोध लावलाय ते नंतर कधीतरी वाचत, बहुधा वाचतच नसत.

त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेची गोष्ट अजून गावात सांगतात. आमच्याकडे पत्रिकेवर निमंत्रकांची मोठी रांग असते. भावकीतलं एक नाव राहिलं तर तीन पिढ्या अबोला. सरांनी एकेकाला फोन करून विचारलं, "लग्नात तुम्ही काय करणार?" ज्याने जे सांगितलं ते त्याच्या नावापुढे छापलं. कोणापुढे मांडव, कोणापुढे पंगत, कोणापुढे भटजींची ने-आण. मुंबईचे थोरले चुलतभाऊ म्हणाले, "मी घरातला मोठा, मला काय विचारतोस?" सर म्हणाले, "मोठं असणं हे काम नव्हे, दादा." दादांचं नाव छापलं गेलं नाही. ते लग्नाला आले, जेवले, आणि एका शब्दाने न बोलता संध्याकाळच्या गाडीने परत गेले. लग्नात मांडवाचा एक खांब कलला, तेव्हा निम्म्या वऱ्हाडाने खिशातून पत्रिका काढून मांडवापुढचं नाव वाचलं.

या सगळ्याचं मूळ एका वहीत होतं. लाल कापडी पुठ्ठ्याची जाड वही, आणि वर सरांच्या अक्षरात ‘कोणी काय केलं’. प्रत्येक पेपरसाठी तिच्यात चार-पाच पानं राखलेली असत. ज्याने काम केलं त्याने ते स्वतःच्या हाताने तिथे लिहायचं. लिहिता येत नसेल त्याने सांगायचं, सर लिहीत आणि वाचून दाखवत. दुसऱ्याचं काम आपण सांगायचं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. "तुमचं तुम्ही सांगा," हे त्यांचं पालुपद. त्यांच्या स्वतःच्या नोंदी मी पाहिल्या आहेत. ‘मोजताना दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा मोजलं.’ ‘पोट बिघडलं. गेलो नाही.’ ‘आज जायचा कंटाळा आला. गेलो नाही.’

पेपर पाठवायच्या आधी आणखी एक सोपस्कार असे. ज्यांची ज्यांची नावं घालायची त्या सगळ्यांनी प्रयोगशाळेत उभं राहायचं. सर पेपरचं कुठलंही पान उघडत, त्यातलं काहीही विचारत. सांगता आलं तर नाव राहील. आम्ही याला आपसात ‘उभं करणं’ म्हणायचो. मला त्याचा राग यायचा. पदव्या घेतलेल्या माणसांना शाळकरी पोरासारखं उभं करायचं म्हणजे काय?

तेव्हाच्या प्राचार्यांनी एकदा सुचवलं की विभागातून जाणाऱ्या प्रत्येक पेपरवर त्यांचंही नाव असावं, सगळीकडे तशी पद्धत आहे. सर लगेच म्हणाले, "जरूर. उद्या संध्याकाळी सुकती आहे, खाडीत या." सुकती म्हणजे ओहोटी. प्राचार्य बिचारे खरोखरच आले. दोन तास चिखलात उभे राहिले आणि येताना त्यांचा एक बूट चिखलाने ठेवून घेतला. पेपरच्या आभारात सरांनी लिहिलं : ‘प्राचार्य दोन तास आमच्यासोबत चिखलात उभे राहिले, त्याबद्दल आभार. त्यांचा एक बूट तिथेच आहे.’ जर्नलवाल्यांनी दुसरं वाक्य उडवलं.

आता माझ्याकडे येतो. मी पोफळीचा. वडील वीजघरात होते, वसाहतीत वाढलो. आमच्याकडे पाणी बोगद्यातून येतं आणि माणसाने चाक फिरवलं की येतं. चंद्राचा आणि पाण्याचा काही संबंध असतो हे मी पुस्तकात वाचलं होतं, तेवढंच. कॉलेजात माझी नेमणूक अजून कायम झालेली नव्हती, आणि कायम व्हायचं तर नावावर छापलेला पेपर हवा होता. सरांनी मला त्यांच्या कामात घेतलं तेव्हा मला हायसं वाटलं.

काम मुळ्यांचं होतं. मुळे म्हणजे शिंपल्याच, तिसऱ्यांहून थोराड. खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक लांब पट्टा आहे, त्याला दांडा म्हणतात. सुकतीला तो उघडा पडतो आणि तिथे बायका मुळे खणतात. या दांड्यावरचे मुळे कमी होतायत का, एवढंच बघायचं होतं. दोन वर्षं, दर महिन्याला एक खेप, एकूण चोवीस. प्रत्येक खेपेला ठरलेल्या जागी खणायचं, मोजायचं आणि लिहायचं. सर, मी आणि शेवंतीकाकी असे तिघं आळीपाळीने, कधी एकत्र जायचो. दिवस सर सांगायचे. तोच दिवस का, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही.

शेवंतीकाकी खाडीकाठच्या वाडीतली. लग्नाआधीपासून त्या दांड्यावर खणत होती. साठीच्या आसपासची असेल, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि बोलणं असं की समोरच्याने आधी विचार करावा. सुरुवातीला सरांनी तिला फक्त जागा दाखवायला बोलावलं होतं. मग दोन वर्षांचा आलेख तयार झाला. दोन्ही वर्षी मार्चमध्ये मुळ्यांची संख्या एकदम खाली गेली होती. आम्ही दोघं डोकं फोडत होतो. पाण्याचं तापमान, खारेपणा, एखादा रोग. सर तिला सगळं वाचून दाखवत असत, तसा त्यांनी आलेखही दाखवला. काकीने खड्ड्यावर बोट ठेवलं.

"ह्यो शिमग्याचा काय?"

"शिमग्याचा म्हणजे?"

"शिमग्याला समदे मुंबयकर घरी येतात. त्यांना मुळ्यांचं सुकं लागतं. त्या पंधरा दिसांत आमी दांडा साफ करून टाकताव. रोग कसला शोधताव? आमीच तो रोग."

 सरांनी वही काढली आणि तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. त्या पेपरात नवीन म्हणावं असं तेवढंच होतं, आणि ते तिचं होतं. सरांनी तिसरं नाव शेवंतीकाकीचं घातलं. स्टाफरूममध्ये महिनाभर चघळायला विषय झाला. मुळेवाली लेखिका! आता कोळंबीवालीला विभागप्रमुख करा! मीही हसलो असेन. हसलोच.

आम्ही तिघं उभे राहिलो. काकी न अडखळता बोलली. मला सरांनी सरासरी कशी काढली ते विचारलं, मी घडाघडा सांगितलं.

जर्नलच्या फॉर्ममध्ये आडनाव सक्तीचं होतं. काकी म्हणाली, "कंचं देऊ? माहेरचं की सासरचं?" सर म्हणाले, "खाडीत ज्या नावाने हाक मारतात ते द्या." संगणक रिकामी जागा घेईना. शेवटी सरांनी तेच नाव दोन्ही चौकटींत भरलं, आणि जगभरात ती शेवंती शेवंती म्हणून छापून आली. सरांनी ते पान तिला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "दोनदा कशाला? एकदा हाक मारली तरी येतंय मी."

त्या वर्षी सरांनी तिला पहिल्या वर्षाच्या पोरांसमोर बोलायला बोलावलं. नवं हिरवं लुगडं नेसून ती आली आणि तासभर खाडीबद्दल बोलली. घंटा झाली तरी पोरं उठली नाहीत. दरवर्षी यायचं, असं त्याच दिवशी ठरलं.

पुढच्या वर्षी जर्नलने नवा नियम काढला. पेपरात महिन्यांच्या सरासऱ्या छापल्या असल्या तरी मूळ नोंदी, तारीख-वेळेसकट, सगळ्यांना बघता येतील अशा ठेवायच्या. सरांना कोण आनंद झाला. म्हणाले, "ठेवू की. पण आधी काकींना वाचून दाखवायला हव्यात. नाव त्यांचंही आहे." दुपारी प्रयोगशाळेत आम्ही तिघं बसलो. सर वाचत होते, मी संगणकावर भरत होतो. दोन तारखा झाल्यावर काकीने हात वर केला.

"तारीख नको. तिथी सांगा. तारखेचं मला काय कळत नाय."

सर उठले. जुन्या दिनदर्शिका ते टाकून देत नसत, कपाटावर गठ्ठा होता. प्रत्येक तारखेला ते तिथी बघून सांगायला लागले. पौर्णिमा. प्रतिपदा. अमावस्या. द्वितीया. पौर्णिमा. काकी प्रत्येक तिथीला मान हलवत होती. जानेवारीची खेप माझ्या वहीतली होती.

"अष्टमी," सर म्हणाले आणि थांबले.

"अष्टमी?" काकी म्हणाली. "वाजले किती व्हते?"

"संध्याकाळचे साडेपाच."

"तवा तिथं मानूसभर पानी. खनलं कुनी, माशांनी?"

ज्याला खाडी माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. मला हे त्या दिवशी कळलं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, तेव्हाच दांडा उघडा पडतो. अष्टमीला भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि संध्याकाळी तर उलट भरतीच असते. भाट्यातलं कोणीही हे झोपेत सांगेल.

माझे हात संगणकावरच होते. "तारीख लिहिताना चूक झाली असेल, सर," मी म्हणालो.

"मग खरी तारीख कोणती?"

माझ्याकडे दुसरी तारीख नव्हती. काकीने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि म्हणाली, "मी जातंय. चुलीवर भात हाय." दुपारचे तीन वाजले होते, चुलीवर कसलाही भात नव्हता.

ती गेल्यावर सरांनी दार लोटलं, खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि म्हणाले, "तुमचं तुम्ही सांगा."

मी सांगितलं. त्या महिन्यात पोफळीला वडिलांच्या निवृत्तीचा समारंभ होता. सरांना न सांगता गेलो, चार दिवस राहिलो. परत आलो तर सुकतीचे दिवस सरलेले. आदल्या महिन्याचे आकडे आणि पुढच्या महिन्याचे आकडे समोर ठेवून मधले मी घरी बसून लिहिले. तारीख निवडताना कॉलेजच्या तासांशी टक्कर नको म्हणून रविवार बघितला. तिथी बघितली नाही. मला ती बघायची असते हेच माहीत नव्हतं.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी लाल वही उघडली, स्वतःच्या नोंदींवरून बोट फिरवलं. "गेलो नाही. दोनच शब्द लिहायचे होते हो." मग विचारलं, "आपण पौर्णिमा-अमावस्येलाच का जात होतो, सांगता येईल?"

"तुम्ही सांगाल त्या दिवशी मी येत होतो, सर."

त्यांनी डोळे मिटले. "तुम्हाला उभं केलं तेव्हा हे विचारायला हवं होतं. सरासरी काय विचारत बसलो मी! ते माझं." आणि माझ्यासमोरच त्यांनी वहीत लिहिलं : ‘योग्य प्रश्न विचारला नाही. चूक माझी.’

पेपर मागे घ्यायचा, असं त्यांनी तिथेच सांगितलं. मी हातापाया पडायचा बाकी होतो. चोवीसातली एक खेप, सर. निष्कर्ष तसूभर बदलत नाही. बाकी तेवीस खऱ्या आहेत, शपथेवर सांगतो. सर म्हणाले, "या चोविसावीबद्दलही तुम्ही हेच सांगितलं असतंत." 

जर्नलच्या फॉर्मवर कारण लिहायचं होतं. सरांनी तो माझ्यापुढे ठेवला. आठ दिवसांनी माझी कायम होण्याची मुलाखत होती. मी लिहिलं, ‘एका खेपेच्या आकडेवारीत विसंगती आढळली.’ सरांनी वाचलं. "हे कोणी केलं, ते यात कुठे आहे?"

"सर, आठ दिवस थांबा. मुलाखत होऊ दे. मग मी स्वतः त्यांना पत्र लिहितो."

"तुमचं मी सांगणार नाही," सर म्हणाले. "पण काकींचं मला सांगावं लागेल. लोक काय समजतील, कळतंय ना तुम्हाला?"

मला कळत होतं. सरांनी खाली स्वतःच्या हाताने लिहिलं की चूक शेवंतीकाकींनी पकडली, तिच्यात त्यांचा काही दोष नाही, जबाबदारी उरलेल्या दोघांची. जर्नलने एवढं सगळं छापलं नाही. दीड ओळीत आटपलं : स्थानिक पातळीवर गोळा केलेल्या नोंदी भरवशाच्या नसल्याने लेखकांच्या विनंतीवरून पेपर मागे घेण्यात येत आहे. खाली तिघांची नावं.

स्थानिक पातळीवर! ही नोटीस स्टाफरूममध्ये आली त्या दिवशी मी तिथेच बसलो होतो. "मुळेवालीला लेखिका केलं की असंच व्हायचं," कोणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "चार आकडे सांगितले असतील मनाला येतील तसे." माझ्या हातात चहाचा कप होता. मी चहा प्यायलो.

मुलाखत झाली. मी कायम झालो. सरांनी पेढा घेतला, खाल्ला आणि "अभिनंदन" म्हणाले. पत्राचं मी उद्यावर टाकलं, मग परवावर. सरांनी जर्नलला तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. त्या वर्षी काकीला बोलवायची वेळ आली तेव्हा प्राचार्य म्हणाले, "ज्यांच्यामुळे कॉलेजची नाचक्की झाली त्यांना कशाला परत?" सर त्यांच्याशी तासभर भांडले. पण आकडे कोणी लिहिले हे त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं होतं आणि मी शेजारच्या खोलीत प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासत होतो. काकी पुन्हा कॉलेजात आली नाही.

सर मला पुढे एका शब्दानेही काही बोलले नाहीत. पूर्वीसारखेच वागले, जेवायला बोलावत राहिले, नारळ कोणी खवला ते सांगत राहिले. मीच हळूहळू जायचं बंद केलं. ते निवृत्त झाले. मी विभागप्रमुख झालो. माझ्या नावावर आता बरेच पेपर आहेत, आणि त्यातल्या काहींत माझं काम काय, हे मला कोणी उभं करून विचारलेलं नाही. नऊ वर्षं गेली.

गेल्या वर्षी सर गेले. दिवस झाल्यावर बाईंनी मला बोलावलं आणि लाल वही हातात ठेवली. "तुम्हाला द्यायची असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. कारण नाही सांगितलं." बाईंना खरंच माहीत नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोलाही माझं सांगितलं नव्हतं.

मी मुळ्यांची पानं उघडली. चोवीस खेपांच्या चोवीस ओळी. तेवीस ओळींपुढे नोंदी होत्या, काही सरांच्या, काही माझ्या, आणि काकीच्या सरांनी लिहून घेतलेल्या. जानेवारीची माझी जुनी नोंद खोडलेली होती आणि तिच्याखाली सरांच्या अक्षरात फक्त त्या रविवारची तारीख होती आणि पुढे ‘अष्टमी’. बाकी ओळ कोरी. वहीत जागेची टंचाई होती, पानांच्या कडेनेही त्यांनी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ती ओळ मात्र त्यांनी तशीच ठेवली होती. मी ती वही मांडीवर घेऊन रडलो. बाईंना वाटलं, सरांच्या आठवणीने रडतोय.

मग मी लिहिलं, ‘मी गेलो नाही. आकडे घरी बसून लिहिले.’ आणि खाली सही केली. त्याच आठवड्यात जर्नलला सविस्तर पत्र पाठवलं, त्याची प्रत प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. आताचे प्राचार्य तरुण आहेत. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सर, हे आत्ता कशाला? कोणी विचारलंय का?" पण पत्र आलंय म्हटल्यावर त्यांना चौकशी समिती नेमावी लागली. तिचं काम चालू आहे. विभागप्रमुखपद मी सोडलं आहे. पुढे काय होईल ते होईल.

काकीकडे जायचं धैर्य करायला आणखी महिना लागला. तिथी बघून गेलो. पौर्णिमेचा दुसरा दिवस, संध्याकाळ, दांडा उघडा पडला होता. पँट दुमडली, चपला पिशवीत घातल्या आणि चिखल तुडवत गेलो. काकी वाकून खणत होती. आता सत्तरीची, पण हात तसेच. मी पत्र काढलं आणि उभ्या-उभ्या तिला मराठीत वाचून दाखवलं. तिचं खणणं काही थांबलं नाही.

"मला म्हाईत व्हतं," वाचून झाल्यावर ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिशी. जानारी मानसं तीन. मी नाय, सर नाय. मंग ऱ्हायलं कोन?"

"मग बोलला का नाहीत? लोक तुम्हाला बोल लावत होते."

तिने कंबर सरळ केली. "सरांना मी बोललंय तसं. म्हनलं, सांगून टाका की वो. तर म्हनाले, काकी, त्यांचं त्यांना सांगू दे. सांगतील ते." तिने हातातला मुळा टोपलीत टाकला. "लय वाट बघितली वो त्यांनी. मला इचारायचे अधनंमधनं, आलेले काय म्हनून."

मला तिच्यासमोर तोंड वर करवेना. ती पुन्हा खणायला लागली. थोड्या वेळाने मीही तिच्याशेजारी वाकलो आणि पाणी पायांना लागेपर्यंत दोघं खणत राहिलो.

मागच्या गुरुवारी ती कॉलेजात आली. तेच हिरवं लुगडं होतं, घडीवर विटलेलं. पहिल्या वर्षाचा वर्ग भरला होता. तिने बोलायच्या आधी मी उभा राहिलो आणि पोरांना सगळं सांगितलं. रविवारपासून चहाच्या कपापर्यंत.  मला वाटलं होतं की सांगून झाल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. फक्त सर शेवटच्या बाकावर बसलेले असते तर, असं फार वाटलं.

काकी पुढे आली. मला म्हणाली, "बसा आता. माझं मी सांगतंय." पहिल्या बाकावर दोन मुलींनी सरकून जागा केली, तिथे मी बसलो. काकीने पोरांवरून नजर फिरवली.

"अष्टमीला सांजच्याला दांडा उघडतो काय? कोन सांगल?"

कोणीच हात वर केला नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. काकी थांबली. तिला घाई नव्हती.

मी हात वर केला.